काया तवा

आमच्या घरात तवा एकच होता आणि त्याच्यावर घरच्या पोळ्या सगळ्यात शेवटी पडायच्या. आधी डबे. जबलपूरच्या घमापुरातल्या आमच्या एका खोलीत माय कारखान्यातल्या एकट्या माणसांचे डबे करायची. कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. बाबा त्याच कारखान्यात ठेक्यावर माल चढवायचे-उतरवायचे. ठेका असला की काम, ठेका तुटला की घरी. घरी असले की सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून ते डबे पोचवायचे. ज्या फाटकातून मागच्या महिन्यात आत जायचे, त्याच फाटकाबाहेर डबे घेऊन उभे राहायचे.

डबे झाल्यावर परातीत पीठ उरलं असेल तर आमच्या पोळ्या. नसेल तर माय त्याच तव्यावर शिळा भात तिखट-मीठ लावून परतायची आणि म्हणायची, "आज भातच चांगला लागते." मला बरीच वर्षं खरंच वाटायचं की काही दिवस भाताचे असतात आणि काही पोळीचे, जसे काही वार उपासाचे असतात.

तो तवा तिनं विदर्भातून येताना गोधडीत गुंडाळून आणला होता. लोखंडी, जाड, मधे थोडा खोलगट. घासला तर तवा तसाच राहायचा, हात काळे व्हायचे.

त्या खोलीत मी शिकले. सरकारी शाळा, हिंदी माध्यम. मायकडून धरा नाहीतर बाबांकडून, आमच्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि बी.कॉम. पूर्ण करून ती पायरी उतरणारीही मीच पहिली. हे मी लाजत सांगत नाही. ज्यांच्या भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी विनय दाखवावा, त्यांना परवडतो.

पदवी मिळाल्यावर मला नेपियर टाउनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरी लागली. कामाचा दिवसभराचा व्यवहार हिंदीत. मराठी फक्त घरात, आणि घरातही फक्त तोंडात. कागदावर मराठी मी पहिल्यांदा बघितली ती कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवर, आणि मला ती कोण्या मोठ्या घरच्या पाहुणीसारखी वाटली होती. ओळखीची, पण आपल्याशी बोलणार नाही अशी.

कविता मला आधी हिंदीत सुचली. म्हणजे सुचली मराठीत, लिहायला बसले हिंदीत. माय तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडायची. थेंब नाचले की तवा तापला. ते बघून काही ओळी लिहिल्या. लिहून वाचल्या तर त्यात 'माँ' आली होती. माँ चांगली होती, पदर-बिदर सगळं होतं तिला, पण ती आमच्या घरात राहत नव्हती. मग तेच मायच्या शब्दांत लिहिलं तर माय आली. मला गंमत वाटली. तवा तोच, पाणी तेच, बाई बदलली कशी?

माय माझ्याकडे बघत होती.

"काय वं, काय लिहून राहिली?"

"तुझ्यावर लिहून राहिली."

"माह्यावर? काहून? मी काय केलं?"

"काही नाही केलं. तेच लिहून राहिली."

"मंग कागद काहून खराब करून राहिली?" ती म्हणाली आणि परत पोळीकडे वळली.

लॅबपासून दोन गल्ल्या सोडून एका दवाखान्याच्या वर मराठी मंडळाचं छोटं वाचनालय होतं. पाटी मी रोज वाचायची, एक दिवस जिना चढले. वर टेबलामागे एक काका बसलेले. केंद्र सरकारच्या कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि मराठी अशी की जणू आत्ताच इस्त्री करून आणली.

"मूळ कुठलं?" त्यांनी विचारलं.

"विदर्भ."

"हं. तरीच."

"तरीच काय?"

"काही नाही. मोठ्यानं बोलतेस. वाचनालय आहे. बस."

तिथे मला कवितेचं एक मासिक सापडलं, महाराष्ट्रातून यायचं. मी कविता कमी वाचल्या आणि शेवटचं पान जास्त वाचलं. तिथे लिहिलं होतं की कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत जोडावं. माझं कुतूहल तिथून सुरू झालं. लॅबमध्ये नमुना येतो, त्याला नंबर पडतो, तो खिडकीतून आत जातो, आतून रिपोर्ट येतो. आत कोण बसतं, कोणतं मशीन आहे, मला सगळं माहीत होतं. कवितेच्या बाबतीत आत कोण बसतं? ते काय बघतात? कवितेत नेमकं काय कमी निघतं म्हणून ती परत येते? मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "नशीब बघतात." पण लॅबमध्ये काम करणाऱ्याला हे उत्तर पटत नाही.

पाठवायची म्हणजे आधी मराठीत नीट लिहायची. आणि इथे माझी गाडी ळ पाशी अडकली.

हिंदीच्या शाळेत ळ शिकवत नाहीत. आणि माय ळ बोलतच नाही. ती डोळ्याला डोया म्हणते, शाळेला शाया, सकाळला सकाय, पोळीला पोयी. बाबाही तसंच. म्हणजे माझ्या कानानं ळ ऐकला नव्हता आणि हातानं गिरवला नव्हता. मासिकं चाळून चाळून माझ्या लक्षात आलं की माय जिथे य म्हणते तिथे छापलेल्या मराठीत ळ असतो. मला वाटलं, चला, किल्ली सापडली. य काढायचा, ळ घालायचा. मी बी.कॉम. आहे, नियम कळला की मी तो सगळीकडे लावते.

कविता घेऊन टायपिंगच्या दुकानात गेले. दुकानवाला भैया हिंदी अर्ज टाइप करण्यात पटाईत. कागद बघून थांबला.

"दीदी, ये जलेबी वाला अक्षर कौन सा है?"

"ळ."

"हमारे यहाँ नहीं आता। ल कर दूँ?"

"नहीं।"

"ड़ कर दूँ?"

"भैया, जलेबी ही चाहिए।"

त्यानं अर्धा तास शोधून तो ळ काढला, आणि मग आनंदानं मला विचारत बसला की अजून कुठे लावायचा आहे का.

दोन महिन्यांनी माझंच अक्षर असलेलं पाकीट परत आलं. आत माझी कविता आणि एक छापील चिठ्ठी, 'साभार परत'. मी ती घेऊन सरळ टायपिंगवाल्याकडे गेले, त्याची चूक असेल म्हणून. त्यानं चिठ्ठी वाचली.

"साभार परत। कौन सी परत, दीदी? ऊपर वाली कि नीचे वाली?"

हिंदीत परत म्हणजे थर. मला हसू आलं नाही. कवितेत तीन शब्दांभोवती पेन्सिलीचे गोल होते आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे आत बसलेल्या माणसानं वाचलं तर होतं. मला परत आल्याचं वाईट वाटायच्या आधी ह्याचं नवल वाटलं. इतक्या दूर बसलेल्या एका अनोळखी माणसानं पेन्सिल उचलली होती.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचायला घेतलं, वाचनालय असूनसुद्धा.

"'दुधावरची साळ'. साळ? दुधावर भात उगवला?"

"साळ म्हणजे, ते मलाईसारखं."

"साय."

"माय पण सायच म्हणते," मी म्हणाले. "म्हणून तर मी साळ केलं."

काकांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना माझा नियम समजावून सांगितला. त्यांनी पुढचं वाचलं. 'मायची सवळ', म्हणजे सवय. 'सोळ', म्हणजे सोय. मग ते हसले, पोट धरून हसले, आणि मला राग आला.

"हसायला काय झालं? तुमच्या घरी शिकवणारे होते."

ते उठले आणि कपाटातून जाडजूड शब्दकोश काढून माझ्यापुढे ठेवला. "हे घे. इथे बसून बघ. घरी नेता येणार नाही." काका असेच होते. माफी मागायची झाली की पुस्तक द्यायचे.

मी नवीन नियम केला. मायचा य असलेला शब्द घ्यायचा आणि कोशात बघायचा. य सकट सापडला तर तसाच ठेवायचा, नाही सापडला तर ळ घालायचा. साय सापडला, राहिला. सवय राहिली. डोया नाही सापडला, डोळा झाला. सापडलेल्या प्रत्येक शब्दापुढे मी कोशातच पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची, जशी लॅबमध्ये नमुन्यांच्या यादीवर करतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा तिथेच खायचा आणि शब्द शोधायचे. काका म्हणायचे, कवी आहेस की तलाठी?

परत आलेली ती कविता मी सोडून दिली आणि नवीन लिहिली. छोटी होती, अकरा ओळींची. सुरुवात अशी:

काया तवा तापून राहिला
माय काही बोलत नाही

बाकीच्या ओळींत थेंब होते, डबे होते, फाटकाबाहेरची सायकल होती. सगळे शब्द तपासले. 'काया' कोशात सापडला, बरोबरची खूण केली, पुढे गेले. अर्थ वाचला नाही. अर्थ मला माहीत होता ना. काळ्याला आमच्या घरी काया म्हणतात. काया तवा, काया धूर, बाबांचे काये हात.

इथे कुणी म्हणेल की हिंदी शिकलेल्या बाईला काया म्हणजे शरीर हे माहीत नव्हतं? माहीत होतं. शाळेत काया-माया पाठ केलं होतं, त्याच्यावर मार्कही मिळाले होते. पण ती काया शाळेत राहायची आणि ही काया चुलीपाशी. दोघींची कधी गाठ पडली नव्हती.

काकांनी कविता वाचली. पहिल्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "वा."

ते कशालाच वा म्हणायचे नाहीत. मला कळेना की एका तव्यात इतकं वा काय आहे. पण कुणी वा म्हणत असलं की आपण कारण विचारत नाही.

"'तापून राहिला' नको," ते पुढे म्हणाले. "'तापतो आहे' कर."

"नाही करणार. माय तसं बोलत नाही."

"बरं बाई. परत आली तर मला सांगू नकोस."

परत आली नाही. संपादकांचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी. कविता दिवाळी अंकात घेत होते, आणि तीही पहिल्या पानावर, सोबत त्यांचं स्वतःचं टिपण. नव्या कवीला हे मिळत नाही, हे मला काकांनी नंतर सांगितलं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की 'काया' आणि 'तवा' हे दोन शब्द नुसते शेजारी ठेवून तुम्ही देहाला तव्याची उपमा दिली, मध्ये 'जणू' नाही की 'सारखा' नाही, आणि 'तापून राहिला' मध्ये तापणं आणि उरणं दोन्ही आलं. देह तापतो, आई बोलत नाही. खाली विचारलं होतं, तुम्ही संतसाहित्य किती वाचलंय?

मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला. दुसऱ्यांदा शंका आली. तिसऱ्यांदा मी जिना चढून कोश उघडला. काया, स्त्रीलिंगी, शरीर, देह. पुढे माझ्याच हातची बरोबरची खूण होती, पेन्सिलीची, हलकी.

काकांना म्हटलं, "तुम्ही पण हेच वाचलं होतं?"

"मग दुसरं काय आहे त्यात?"

"काळा तवा आहे."

काकांनी वाचनालयात आणखी कोणी आहे का ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. गप्प बस. पहिलं पान आहे. कवीला स्वतःचं सगळं कळलंच पाहिजे असा काही कायदा नाही. त्यांना दिसलं ना? मग आहे ते त्यात."

आणि मला ते पटलंही. निदान घरी पोचेपर्यंत पटलेलं होतं. पहिल्या पानावर नाव, खाली जबलपूर, आणि कुणा जाणत्या माणसानं आपल्याबद्दल लिहिलेलं टिपण. ज्या घरात कागद म्हणजे रेशन कार्ड आणि माझ्या मार्कशीट, त्या घरात हे येणार होतं. मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. हे मी स्वतःला साधू दाखवायला सांगत नाही. मला ते पान हवं होतं.

घरी मायला पत्र वाचून दाखवलं, सोपं करून.

"ते म्हणतात, तवा म्हणजे शरीर."

"कोनाचं?"

"तुझं असेल."

माय लाटणं घेऊन थांबली. "माहं शरीर काहून तव्यावानी राहीन? तवा तवा हाये. शरीर तापलं तं डाक्टरकडे जाते मानूस."

"त्यांना आवडलं ना पण."

"त्याइले शरीर आवडलं," माय म्हणाली. "तवा कुठं आवडला?"

तिच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली. माझी तिथून सुरू झाली. लॅबमध्ये एकदा दोन बायकांचे रिपोर्ट बदलले होते. एकीचा चांगला आला होता, एकीचा वाईट. चांगला रिपोर्ट घेऊन गेलेली बाई किती खूश होती ते मी पाहिलं होतं. मीच तिला बोलावून परत घेतला होता. चांगला असला तरी तो तिचा नव्हता.

पत्रात संपादकांचा फोन नंबर होता. अंक पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होता. मी दुसऱ्या दिवशी लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसून फोन लावला.

"सर, त्या कवितेत काया म्हणजे काळा."

"म्हणजे?"

"आमच्याकडे ळ चा य होतो. काळा तवा म्हणायचं होतं."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"नुसता काळा तवा?"

"नुसता नाही सर. काळा तवा."

"ताई, मी टिपण लिहून दिलंय," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, दमलेले वाटले. "बरं. मग आपण 'काळा' करू. छापील भाषेत तेच बरोबर."

इथे मी हो म्हणायला हवं होतं. इतके महिने मी य काढून ळ घालायचाच तर प्रयत्न करत होते. पण तोंडातून निघालं, "काळा केलं तर तो आमचा तवा राहत नाही."

"आणि काया ठेवलं तर सगळे माझ्यासारखंच वाचतील. कवितेखाली तळटीप मी घालत नाही. वाचकाचा पाय अडकतो."

"मला माहीत आहे."

"मग तुम्हीच सांगा."

मी पायरीवर बोटानं आधी काया लिहिलं, मग काळा. ते म्हणाले की सध्या थांबवू, पुढे कधी बघू. फोन ठेवल्यावर मी काउंटरवर येऊन बसले आणि एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांची पावती दिली.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "हरिश्चंद्राची मावशी." आठ दिवस ते माझ्याशी फक्त पुस्तकांच्या तारखांबद्दल बोलले.

रविवारी सकाळी मी घरी होते, माय पोळ्या करत होती. फोन वाजला. संपादक होते. अंक दोन दिवसांनी जातोय, म्हणाले, आणि मला एक विचारायचंय. मला वाटलं आता काळा करायला सांगतील. ते म्हणाले, "तुमच्या आई आहेत का जवळ? मला तो शब्द ऐकायचाय."

मी फोन स्पीकरवर टाकून मायपुढे धरला. तिचे हात पिठाचे, तिनं मान पुढे केली.

"कोन बोलून राहिलं?"

"नमस्कार आई. मी तुमच्या मुलीची कविता छापणारा."

"अच्छा, शरीरवाले."

पलीकडे ते हसले. मी मायला डोळे वटारून दाखवले, ती बघायलाच तयार नव्हती.

"हो, तोच. आई, तुमचा तवा कसा आहे हो?"

"चांगला हाये. जुना हाये."

"रंगानं कसा?"

"काया."

"किती काया?"

मायनं माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस शिकलेला आहे ना नक्की? मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाली, "कोयशासारखा काया. आनखी कसा राहीन तवा? तुमच्याकडे पांढरा राह्यते काय?"

"कोयशासारखा," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, तोंडात घोळवल्यासारखं, "कोयशासारखा काया." मग मला म्हणाले, "ताई, हे लिहून घ्या. हे शीर्षक."

मला एक क्षण लागला. कवितेला मी शीर्षक दिलंच नव्हतं. वर 'कोयशासारखा काया' असं असलं की वाचणारा कोयसा म्हणजे कोळसा हे ओळखणार, आणि मग खाली काया तवा आला की त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तळटीप नाही, ळ नाही. बी.कॉम. मी, संपादक ते, आणि अडचण सोडवली चौथीसुद्धा न शिकलेल्या माझ्या मायनं, पोळी करपू न देता.

"एक आहे," ते म्हणाले. "टिपण मला काढावं लागेल, ते आता खोटं झालं. आणि पहिलं पान दुसऱ्या कवितेला दिलंय. तुमची आत जाईल."

"आत म्हणजे?"

"शेवटाकडे."

"चालेल," मी म्हणाले. मला आत कोण बसतं ते आता माहीत होतं.

अंक आला तेव्हा मी तो मायपुढे ठेवला. तिनं पदराला बोट पुसलं.

"कुठं हाये तवा?"

मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाकून पाहिलं.

"एवढासा?"

बाबा तेव्हा घरीच होते, ठेका तुटलेला होता. ते शाळेत चौथीपर्यंत गेलेले, अक्षर लावून लावून वाचतात. त्यांनी अंक उजेडात धरला आणि वाचायला लागले. का, या. काया. त, वा. तवा. मी वाट बघत होते की कुठे अडकतील. ते अडकले नाहीत. पुढे फाटकाबाहेरची सायकल आली तिथे थोडे थांबले, मग पुढे गेले. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी अंक मिटला आणि म्हणाले, "बरोबर हाये." एवढंच. त्या कवितेचे अनेक वाचक मला नंतर भेटले, पण काया म्हणजे काळा हे पहिल्याच वेळी, शीर्षकाकडे न बघता वाचणारे तेच पहिले.

वाचनालयात काकांनी तो अंक स्वतःच्या हातानं नोंदवला आणि कव्हरवर पान क्रमांक लिहिला, म्हणजे कुणाला शोधायला नको. कोशातली माझी पेन्सिलीची खूण त्यांनी खोडली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खूण बरोबर आहे. अर्थ एक कमी लिहिलाय त्यांनी."

त्यानंतर मी लिहीत राहिले, पाठवत राहिले, साभार परत घेत राहिले. आता फोनवर लिहिते. ल वर बोट दाबून धरलं की वर ळ येतो, आणि कुठे दाबायचा आणि कुठे नाही हे मला कळतं. मागच्या वर्षी माझा कवितासंग्रह निघाला. छत्तीस कविता आहेत. त्यात जिथे मी बोलते तिथे ळ आहे आणि जिथे माय बोलते तिथे य आहे, आणि प्रूफं मी स्वतः तपासली. पहिल्या पानावर, सोबत कुठलंही टिपण नसलेली, कोयशासारखा काया ही कविता आहे.